वाचकांचे प्रश्न : बाराने भागलेले उत्पन्न

मागील अंकात बचत गटांवरील लेख प्रसिद्ध झाल्यानंतर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील बहुतेक पत्रे बचत गटांविषयी नाहीत, तर मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या हप्त्यांविषयी आहेत. गावोगावी या दोन गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात, हा गोंधळही या पत्रांतून दिसतो. पत्रलेखकांची नावे आणि त्यांनी लिहिलेली कंपन्यांची नावे गाळली आहेत. मजकूर संक्षिप्त केला असला तरी आशय त्यांचाच आहे.

प्रश्न : माझे पती सालदार आहेत आणि मी निंदणी-वेचणीच्या मजुरीला जाते. त्यांचे साल १ लाख १० हजारांचे आहे आणि माझी मजुरी वर्षाकाठी साधारण ७० हजार होते. माझ्यावर तीन कंपन्यांची कर्जे आहेत आणि तिन्ही मिळून महिन्याला ८,२०० रुपये हप्ता जातो. पहिले कर्ज मुलीच्या लग्नासाठी आणि दुसरे घराच्या पत्र्यांसाठी घेतले. तिसरे, खरे सांगायचे तर, पहिल्या दोघांचे हप्ते भरण्यासाठी घेतले. श्रावणात दोन हप्ते चुकले. तेव्हापासून वसुलीचे साहेब रात्री आठ-आठ वाजेपर्यंत ओट्यावर बसून राहतात. आधार कार्ड बंद होईल, पोलीस येतील, असे सांगतात. गटातल्या बायकाही बोलत नाहीत. यावर सरकारचा काही वचक आहे की नाही? (चोपडा तालुका)

ताई, वचक आहे, पण तो कागदावर आहे आणि कागद तुमच्यापर्यंत पोहोचलेला नाही. रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी सूक्ष्मवित्त, म्हणजे मायक्रोफायनान्स, कर्जांसाठी नवे निर्देश काढले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. ते बँका, लघुवित्त बँका आणि बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्या या सर्वांना सारखेच बंधनकारक आहेत. त्यांनुसार वसुली उभयपक्षी ठरलेल्या ठिकाणीच करायची असते. कर्जदार त्या ठिकाणी सलग दोन किंवा अधिक वेळा आली नाही, तरच कर्मचाऱ्याला तिच्या घरी अथवा कामाच्या जागी जाता येते. तुमचे दोन हप्ते चुकले असल्यामुळे घरी येण्याचा आधार त्यांना कदाचित मिळत असेल. मात्र सकाळी नऊपूर्वी आणि सायंकाळी सहानंतर फोन करणे, वारंवार फोन करणे, अपशब्द वापरणे, नातेवाइकांना, मित्रांना किंवा सहकाऱ्यांना त्रास देणे, कर्जदाराचे नाव जाहीर करणे आणि कर्ज न फेडल्यास काय होईल याविषयी खोटी भीती घालणे, या सर्व गोष्टी त्या निर्देशांत जाचक वसुलीच्या यादीत येतात. जिथे सहानंतरचा फोनदेखील चालत नाही, तिथे रात्री आठपर्यंत ओट्यावर बसून राहण्याचे समर्थन कोणती कंपनी करील, हे मला समजत नाही. हप्ता थकल्यामुळे आधार कार्ड बंद होत नाही. थकबाकी हा दिवाणी स्वरूपाचा विषय आहे आणि त्यासाठी पोलीस कोणाला पकडून नेत नाहीत. शिवाय हे कर्ज व्याख्येनेच विनातारण असल्यामुळे घरातील भांडी किंवा सिलिंडर उचलून नेण्याचा अधिकार कोणालाही नाही. वसुलीचे काम बाहेरच्या एजन्सीला दिले असले, तरी तिच्या वागण्याची जबाबदारी कंपनीवरच राहते.

आता करावयाचे काम सांगतो. तिन्ही कंपन्यांकडून तुम्हाला मिळालेली कर्जपत्रके, म्हणजे तुम्ही ज्याला लोन कार्ड म्हणता ती, एकत्र काढा. ती तुम्हाला समजेल अशा भाषेत असली पाहिजेत आणि त्यांवर तक्रार कोठे करायची तेही छापलेले असले पाहिजे. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तिची माहिती १४४४८ या क्रमांकावर मराठीतही मिळते. तक्रारीत दिवस, वेळ आणि बोललेले शब्द लिहा. ‘फार त्रास देतात’ एवढेच लिहिलेली तक्रार पुढे सरकत नाही, हा बँकेतील माझ्या नोकरीचा अनुभव आहे.

परंतु तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. तिसऱ्या कर्जाच्या अर्जाची प्रत तुम्ही सोबत पाठवली आहे आणि तीत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाख ८८ हजार लिहिले आहे. ते तुम्ही सांगितलेले नाही, हे तुमच्या हिशोबावरून उघड आहे. तो आकडा तेथे का आला, हे समजून घेतले पाहिजे. निर्देशांनुसार कुटुंबाच्या सर्व कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. तुमचे खरे उत्पन्न १ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला १५ हजार होते आणि त्याची निम्मी रक्कम ७,५०० होते. ८,२०० रुपयांचा हप्ता त्या मर्यादेत बसत नाही, म्हणून तिसरे कर्ज नियमाने मंजूरच होऊ शकत नव्हते. अर्जावर २ लाख ८८ हजार लिहिले की महिन्याचे उत्पन्न २४ हजार होते, निम्मे १२ हजार होते, आणि कर्ज निर्धास्तपणे बसते. वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तरच ते सूक्ष्मवित्त कर्ज ठरते, म्हणून आकडा ३ लाखांच्या आत थांबतो. असे अर्ज मी एकापेक्षा अधिक पाहिले आहेत, आणि त्या सर्वांत उत्पन्न ३ लाखांच्या जरासे अलीकडे येऊन थबकलेले असते.

तक्रारीत हा मुद्दा अवश्य लिहा. ओट्यावर बसलेला मनुष्य उद्या उठून जाईलही, पण अर्जावरचा आकडा खोटा असल्याचे दाखवून दिले, तर हप्त्यांची फेरआखणी मागण्याचा तुमचा पाया भक्कम होतो. ज्या कर्जदारांना परतफेडीत अडचण येत आहे त्यांना ओळखून त्यांच्याशी बोलण्याची आणि मार्ग सुचवण्याची व्यवस्था ठेवणे हे त्याच निर्देशांनुसार कंपनीचे कर्तव्य आहे.

प्रश्न : महाराष्ट्र सावकारी अधिनियमात व्याजाचे दर ठरवून दिलेले आहेत. मग या कंपन्या २४-२५ टक्के व्याज कसे घेतात? ही कायदेशीर सावकारीच नव्हे काय? शासनाने दर बांधून द्यावेत किंवा या कंपन्या बंदच कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. (निवृत्त शिक्षक, अमळनेर)

गुरुजी, आपला संताप योग्य आहे, पण आपण सुचवलेला उपाय एकदा करून पाहिला गेला आहे आणि त्याचा इतिहास थोडा सविस्तर सांगितला पाहिजे.

प्रथम कायद्याचे. २०१४ च्या सावकारी नियमन अधिनियमाखाली शेतकऱ्याला तारणी कर्जावर ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, तर बिगरशेतकऱ्याला अनुक्रमे १५ आणि १८ टक्के असे कमाल दर ठरलेले आहेत. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे या कायद्याची अंमलबजावणी असते. परंतु रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या बिगर-बँकिंग कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला आहे. त्यामुळे परवाना नसलेल्या गावच्या सावकाराविरुद्ध उपनिबंधकांकडे जाता येते, पण कंपनीविरुद्ध तेथे जाऊन उपयोग होत नाही.

आता आंध्र प्रदेशाची गोष्ट. २००० नंतरच्या दशकात तेथे सूक्ष्मवित्त कंपन्या झपाट्याने वाढल्या. देशातील सर्वांत मोठ्या कंपनीचे, एसकेएसचे, समभाग ऑगस्ट २०१० मध्ये शेअर बाजारात आले आणि गुंतवणूकदारांची त्यांवर झुंबड उडाली. त्याच सुमारास, एकेका बाईवर चार-पाच कर्जे आणि वसुलीच्या जाचातून झालेल्या आत्महत्या यांच्या बातम्या येऊ लागल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढला. कंपन्यांना जिल्हा पातळीवर नोंदणी सक्तीची झाली, साप्ताहिक वसुली थांबली आणि दारात जाऊन वसुली करण्यास मनाई झाली. परिणाम असा झाला की परतफेड जवळजवळ थांबली, बँकांनी कंपन्यांना पैसा देणे बंद केले आणि अनेक कंपन्या डबघाईला आल्या. कंपन्या गेल्या याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण त्यांच्याबरोबर कर्जही गेले आणि बायका पुन्हा त्याच सावकाराच्या ओट्यावर गेल्या, ज्याच्यापासून सुटण्यासाठी त्या गटात आल्या होत्या. ज्यांनी नियमित हप्ते भरले होते त्यांनाही नवे कर्ज मिळेना.

दर बांधून देण्याचाही प्रयोग झाला. आंध्रमधील संकटानंतर रिझर्व्ह बँकेने य. ह. मालेगाम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने जानेवारी २०११ मध्ये अहवाल दिला. व्याजदरावर मर्यादा, एका कर्जदाराला दोनच कंपन्यांनी कर्ज देणे आणि या कंपन्यांसाठी स्वतंत्र वर्ग निर्माण करणे, या त्यातील मुख्य शिफारशी होत्या. डिसेंबर २०११ मध्ये तो वर्ग अस्तित्वात आला आणि २६ टक्क्यांची कमाल मर्यादा लागू झाली. पुढे ती कंपनीला पैसा किती दराने मिळतो याच्याशी जोडण्यात आली. यात दोन उणिवा राहिल्या. ही बंधने फक्त सूक्ष्मवित्त कंपन्यांना होती, बँकांना आणि नंतर आलेल्या लघुवित्त बँकांना नव्हती. त्यामुळे त्याच बाईला तेच कर्ज दुसऱ्या दारातून मिळत राहिले. दुसरे म्हणजे, कमाल दर हाच सर्वांचा दर झाला, आणि ज्याला स्वस्तात देणे परवडत होते त्यानेही दर खाली आणला नाही. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही मर्यादा काढून टाकली आणि दर अवाजवी नसावा एवढेच बंधन ठेवले. ते बंधन अगदीच पोकळ नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अवाजवी दरांच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने चार वित्तीय कंपन्यांना नवी कर्जे देण्यास मनाई केली आणि त्यांपैकी दोन सूक्ष्मवित्त क्षेत्रातल्या होत्या. बांगलादेशात, जिथे ग्रामीण बँकेमुळे या साऱ्याची सुरुवात झाली, तिथे २००६ च्या कायद्याने स्वतंत्र नियामक आला आणि त्याने घटत्या शिलकेवरील कमाल दर आधी २७ आणि नंतर २४ टक्के असा ठरवला. म्हणजे दर बांधणाऱ्या देशातही आकडा आपल्याकडच्यापेक्षा फार वेगळा नाही.

२४ टक्के हे अधिक आहेत यात वाद नाही. पण ५० हजारांच्या कर्जासाठी दर महिन्याला वाडीवस्तीवर माणूस पाठवायचा, कंपनीने स्वतः बँकेकडून व्याजाने पैसा उचलायचा आणि काही कर्जे बुडणार हे धरायचे, तर दर सावकारी कायद्याच्या १२ टक्क्यांवर येत नाही. मला दराहून अधिक आक्षेपार्ह वाटतो तो दराचा लपंडाव. बाजारात ‘फक्त १२ टक्के’ असे सांगून फ्लॅट दराने कर्ज देतात. ५० हजारांवर दोन वर्षे १२ टक्के फ्लॅट म्हणजे १२ हजार व्याज. मुद्दल दर महिन्याला कमी होत असते, पण व्याज मात्र पूर्ण ५० हजारांवर लावलेले असते, म्हणून घटत्या शिलकेवर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. याउलट ज्या कर्जावर प्रामाणिकपणे २४ टक्के लिहिले आहे, त्याचा दोन वर्षांचा हप्ता सुमारे २,६४४ रुपये येतो. पण प्रक्रिया शुल्क, त्यावरील जीएसटी आणि विम्याचा हप्ता कापून हातात ४८,६०० रुपयेच पडले, तर खरा दर २७ टक्के होतो. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक कर्जाबरोबर मुख्य तथ्य विवरणपत्र द्यावे लागते आणि त्यात हे सर्व खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो. विमा किंवा इतर वस्तू कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय गळ्यात घालता येत नाही. आपल्यासारख्या शिक्षकाने गावातील बायकांना या एका कागदाची एक ओळ वाचायला शिकवली, तर माझ्या मते एका वटहुकमापेक्षा अधिक काम होईल.

प्रश्न : मी दोन वर्षे एका कंपनीत फील्ड ऑफिसर होतो. लोक आम्हाला शिव्या देतात. पण महिन्याला इतके नवे कर्जदार आणि इतके टक्के वसुली झाली नाही तर आमचा पगार कापला जात असे. चुकलेला हप्ता मी खिशातून भरला आहे. दोष आमचा आहे का? (भुसावळ)

भाऊ, काही प्रमाणात आहे, कारण अर्जावरचा आकडा कोणाच्या तरी हातानेच लिहिला जातो. पण तुमच्या पत्रातील पुढचे वाक्य माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. मार्चमध्ये वाटपाचे उद्दिष्ट दुप्पट होत असे, असे तुम्ही लिहिता. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, म्हणून कंपनीला फेब्रुवारी-मार्चमध्ये वाटप हवे असते. मार्चमध्ये वाटलेल्या कर्जाचे हप्ते एप्रिलपासून सुरू होतात. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे रब्बीची काढणी संपलेली आणि रावेर-यावलच्या केळीपट्ट्याबाहेर वावरात काम नाही. त्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, त्याचा खर्च. जूनमध्ये बियाणे, जुलै-ऑगस्टमध्ये निंदणीची तुटपुंजी मजुरी, आणि वेचणीचा पैसा दसऱ्यानंतर. म्हणजे कर्जाचे पहिले सहा हप्ते वर्षातील सर्वांत कोरड्या सहा महिन्यांत येतात. या काळात हप्ता चुकला तर तो बाईचा बेजबाबदारपणा मानतात आणि न चुकता भरला गेला तर कंपनी खूश होते. तो दुसऱ्या कंपनीच्या पैशातून भरला गेला आहे का, हे विचारण्याचे मात्र कोणालाही कारण नसते.

तुमच्यासारख्यांच्या पगाराचा निकष बदलल्याशिवाय या क्षेत्रातील सुधारणा जमिनीवर उतरणार नाही. वसुली कर्मचाऱ्याचा मोबदला ठरवताना किती कर्जे वाटली आणि किती वसूल झाली यापेक्षा सेवा आणि कर्जदाराचे समाधान यांना अधिक वजन द्यावे, असे रिझर्व्ह बँकेने २०११ नंतरच्या नियमांतच म्हटले होते. ते वाक्य वाचून तुम्हाला हसू येईल याची मला कल्पना आहे. पगारातून थकबाकी कापली गेल्याचे पुरावे असतील तर सहायक कामगार आयुक्तांकडे जाता येईल. पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा.

प्रश्न : ‘महिलांचे सर्व कर्ज माफ होणार’ असे सांगून आमच्या गावात एक संघटना प्रत्येकीकडून ५०० रुपये आणि अर्ज घेत आहे. हप्ता भरू नका असेही सांगते. खरे आहे का? (पारोळा तालुका)

नाही. २०१७ आणि २०१९ मध्ये राज्याने जाहीर केलेल्या दोन्ही कर्जमाफ्या शेतकऱ्यांच्या बँक आणि सोसायटीच्या कर्जांसाठी होत्या. मायक्रोफायनान्सचे कर्ज त्यांत नव्हते. नोटाबंदीनंतर विदर्भात अशीच हवा उठली होती. अनेक बायकांनी हप्ते थांबवले, माफी आली नाही आणि पतनोंदीत थकबाकी मात्र राहिली. ५०० रुपये परत मागा.

प्रश्न : मी उमेद या राज्याच्या बचत गट अभियानात काम करते. आमच्या गटांना बँकेचे कर्ज ७ टक्क्यांनी मिळू शकते, तरीही बायका कंपनीकडे २४ टक्क्यांनी जातात. समजावून थकले. असे का होते? (शिरपूर तालुका)

ताई, कारण कंपनी आठवड्यात पैसे देते आणि बँक तीन महिन्यांनी ‘साहेब रजेवर आहेत’ असे सांगते. हे मी निवृत्त बँक अधिकारी म्हणून लाजेने लिहितो. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग ५०० गटांपासून सुरू केला. त्याच्या मुळाशी कल्पना अशी होती की बायकांनी आधी बचत करावी, आपसात कर्ज द्यावे, हिशोब ठेवायला शिकावे आणि मग बँकेने त्यांच्या शिस्तीवर विश्वास ठेवावा. १९७५ पासून काम करणारे महिला आर्थिक विकास महामंडळ आणि नंतर आलेले उमेद यांनी ती कल्पना खेडोपाडी नेली. आज राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखाली गटाला ३ लाखांपर्यंतचे कर्ज ७ टक्क्यांनी मिळते. पण गटाचे कर्ज दहा जणींत वाटले की एकीच्या वाट्याला जे येते, त्यात लग्न किंवा दवाखाना भागत नाही.

तुम्ही बायकांना दरापेक्षा शब्दाचा फरक समजावून पाहा. कंपनीच्या गटालाही गावात ‘बचत गट’च म्हणतात. त्यात बचत कोठे आहे? या कंपन्यांना ठेवी स्वीकारण्याचा अधिकारच नाही. तो पाच जणींचा एकमेकींना जामीन राहिलेला गट आहे. एकीचा हप्ता चुकला की उरलेल्या चौघी तिच्या दारात उभ्या राहतात. चोपड्याच्या ताईंशी गटातल्या बायका बोलत नाहीत, याचे कारण हेच आहे. आपल्या जिल्ह्यांतील लोकांनी पतसंस्था बुडताना पाहिल्या आहेत. तेथे ठेवीदाराचा पैसा गेला, येथे शेजार जातो. बँकेच्या विलंबाबाबत मात्र तुम्ही थकू नका. अग्रणी बँकेच्या तालुका बैठकीत प्रलंबित गटप्रस्तावांची यादी तारखांसह मांडा. तारीख समोर आली की शाखाधिकाऱ्यांची रजा संपते.

प्रश्न : आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो आणि चैत्रात परत येतो. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. बायकोच्या नावावर कंपनीचे कर्ज आहे. गावात नसल्यामुळे दर वर्षी हप्ते थकतात आणि परत आल्यावर दंडासह भरावे लागतात. कंपन्यांना याची कल्पना नसते का? (साक्री तालुका)

कल्पना असते, पण अर्जात त्यासाठी रकाना नसतो. या स्तंभात आलेल्या सर्व पत्रांच्या मुळाशी हेच आहे, म्हणून हा प्रश्न शेवटी ठेवला.

सूक्ष्मवित्ताच्या सुधारणेची चर्चा वसुलीपासून सुरू होते. आंध्रने वसुलीवर निर्बंध घातले. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढून १० वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. कंपन्यांच्या संघटनेनेही एका कर्जदाराला तीनहून अधिक संस्थांनी कर्ज देऊ नये, अशी मर्यादा एप्रिल २०२५ पासून घालून घेतली. हे सर्व आवश्यक आहे. पण तुमच्या मुकादमाची उचल कोणत्याही पतनोंदीत दिसत नाही, सालदाराने मालकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम दिसत नाही आणि कृषी केंद्राची उधारी दिसत नाही. तीन कंपन्यांची मर्यादा पाळली, तरी माणसावर पाच देणी असू शकतात. आणि ज्या निम्म्या उत्पन्नाच्या नियमाचा मी वर उल्लेख केला, तो वर्षाचे उत्पन्न बाराने भागून लावला जातो. नोकरदाराचे उत्पन्न बाराने भागता येते. ऊसतोड मजुराचे, कापूस वेचणाऱ्या बाईचे किंवा सालदाराचे उत्पन्न तसे भागता येत नाही. बेरीज बरोबर असूनही भादव्यातला हप्ता घरात नसतो, आणि नियम काटेकोर पाळणारी कंपनीसुद्धा त्या महिन्यात कर्जदाराला दुसऱ्या कर्जाकडे ढकलते.

विकास सोसायटीचे पीककर्ज आपल्या वाडवडिलांपासून पिकाच्या हिशोबाने दिले आणि फेडले जाते. कापूस विकला की वर्षातून एकदा भरणा होतो. सोसायट्यांचे दोष मला ठाऊक आहेत, पण हंगामाचे भान त्यांना होते. सूक्ष्मवित्ताने मासिक हप्ता शहरातून आणला, आणि तोही आता साप्ताहिक नाही याचेच आपण आभार मानतो.

येथे तुम्हाला उपयोगी पडेल अशी एक तरतूद सांगतो. २०२२ च्या निर्देशांत असे कलम आहे की कर्जदाराच्या गरजेनुसार परतफेडीच्या हप्त्यांमधील अंतर लवचिक ठेवण्याबाबत प्रत्येक संस्थेने आपल्या संचालक मंडळाचे मंजूर धोरण ठेवले पाहिजे. म्हणजे हप्ते दर महिन्याचेच असावेत, अशी सक्ती रिझर्व्ह बँकेने केलेली नाही. कंपन्यांना मासिक सोयीचे जाते आणि आपल्याकडून कोणी दुसरे मागत नाही. थकबाकीवरील दंड केवळ थकलेल्या रकमेवर लावता येतो, पूर्ण कर्जावर नव्हे, आणि कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास कोणताही दंड घेता येत नाही. म्हणून चैत्रात परतल्यावर हातात पैसे असतील, तर पुढील काही हप्ते आधी भरून त्याची नोंद पत्रकावर करून घ्या आणि ती घेतल्याशिवाय उठू नका.

यंदा तोडीला निघण्यापूर्वी पत्नीच्या सहीने शाखेत एक अर्ज द्या. कार्तिक ते चैत्र आम्ही कारखान्याच्या तळावर असतो, या काळातील हप्ते परत आल्यावर भरण्याची मुभा मिळावी आणि लवचिक परतफेडीच्या आपल्या धोरणाची प्रत द्यावी, एवढेच त्यात लिहा. गावातील जी दहा-पंधरा कुटुंबे तोडीला जातात त्यांनी असा अर्ज एकाच दिवशी द्यावा. अर्जाचा नमुना या अंकाच्या शेवटच्या पानावर छापला आहे, तेथे फक्त नाव, गाव आणि कर्ज क्रमांक भरायचा आहे. शाखेने पोच नाकारली तर अर्ज स्पीड पोस्टाने कंपनीच्या मुख्य कार्यालयात पाठवा आणि पावती पत्नीच्या लोन कार्डाला टाचून ठेवा.